श्रीमती वर्णनात्मक नोंद यांस अनावृत पत्र

श्रीमती वर्णनात्मक नोंद,
मुक्काम मूल्यमापन नोंदवही, सर्व प्राथमिक शाळा, जिल्हे सातारा व सांगली, यांस
कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

शिक्षणहक्क कायद्याचा अंमल १ एप्रिल २०१० रोजी सुरू होऊन त्याच वर्षीच्या २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन या राज्यात अवतरले, तेव्हा केवळ गुणांच्या आकड्यांनी मूल कळत नाही, सबब गुरुजींनी त्याच्याविषयी चार शब्द निरखून लिहावेत, या उदात्त हेतूने आपली नेमणूक झाली. पुढे आपण छापील नमुन्यांच्या पुस्तिकांतून विकत मिळू लागलात आणि निरखण्याची यातायात आपल्या कृपेने आपोआप टळली.

आपली समदृष्टी साधुसंतांनाही दुर्लभ! जतच्या पूर्वभागात ज्याच्या घरी कानडीच बोलली जाते, त्या मुलाला आपण 'बोलताना प्रमाणभाषा वापरावी' असे बजावता. विटा-आटपाडीकडील ज्या मुलीचा बाप गलाईच्या धंद्यापायी दूर परमुलखात सोने-चांदी गाळीत बसला आहे, तिला 'वडिलांकडून पाढे पाठ करून घ्यावेत' अशी आज्ञा फर्मावता. आणि माणदेशात, जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही टँकरने येते, तेथे 'पोहण्याची आवड आहे' असा शेरा मारताना आपली लेखणी यत्किंचितही कचरत नाही. (आवड असेलही, हौदात पाणी नाही, हा दोष काही त्या मुलाचा नव्हे.)

आपल्याच कुळातील एका वडीलधाऱ्या नोंदीचे येथे स्मरण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या, पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. त्या नोंदीत ना विशेषण, ना आवड, ना छंद. परंतु ती एकाच मुलाची होती, शेजारच्या मुलाला लावण्याची सोय तीत नव्हती. त्या शाळाप्रवेशाचा दिवस आज राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

गुरुजींना मी दोष देत नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता आणि वर मतदारयाद्यांचे काम, एवढा संसार ज्याच्या शिरावर, त्याने आपला आश्रय न घ्यावा तर कोणाचा घ्यावा? तथापि त्याच गुरुजींच्या हातून कधीकाळी वहीच्या समासात तांबड्या शाईने 'हातचा मिळवला नाहीस, पुन्हा कर' असे उमटते, तेव्हा पोरगे ते वाचते, जीभ चावते आणि गणित दुरुस्त करते. आपल्या बाबतीत तो प्रसंग संभवतच नाही, कारण आपला मजकूर मुलाविषयी असला तरी रोख केंद्रप्रमुखांकडे असतो, आणि ज्याच्याविषयी एवढे लिहिले जाते त्याच्या हाती ती नोंदवही कधी पडतच नाही.

यास्तव आपण निदान एका सत्रापुरती बिनपगारी रजा घ्यावी, असा हा अर्ज आहे. तो नामंजूर करणे झाल्यास नामंजुरीचा शेरा तरी पुस्तिकेतून उतरवलेला नसावा.

आपला,
एक पालक