पुठ्ठ्याचं जातं

ऑगस्टची 24 तारीख, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींची जयंती, आली की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत बहिणाबाईंचा सुळसुळाट होतो. भाड्याची नऊवारी, पुठ्ठ्याचं जातं आणि कपाळभर कुंकू. ऐन तिशीत विधवा झालेल्या बाईला हे कुंकू कुणी लावलं, ते विचारायचं नाही; फोटो चांगला येतो.

मग निबंध स्पर्धा. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिच्या ओव्या तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून घेतल्या आणि ज्यांचं पुस्तक तिच्या मृत्यूनंतर 1952 साली निघालं, तिच्यावरच्या निबंधात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले जातात. खरी मौज त्यापुढे आहे. पोरगं वर्गात घरची बोली बोललं की ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावणी. तीच बोली पाठ करून व्यासपीठावर म्हटली की पहिलं बक्षीस. वर्षातून एक दिवस बोलीला माफी, तीही माइकसमोर.

साने गुरुजी व्हायला धोतर आणि टोपी पुरते. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत. आता शाळेतले गुरुजी मुलांसोबतचे फोटो वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. तेही एका परीने दैनिकच.

इतिहासाचार्य राजवाडे मात्र ‘प्रकल्प’ या सदरात मोडतात. अस्सल कागदासाठी गावोगाव हिंडलेल्या माणसाची माहिती झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, चित्रासकट. त्यांचं दप्तर धुळ्यातच, राजवाडे संशोधन मंडळात आहे. सहल वॉटर पार्कला जाते.