काळजी दाखवण्याची सोपी पद्धत
(पालघर-बोईसर पट्ट्यात नव्याने रुजू होणाऱ्या साहेबांसाठी)

कारखाना असो, बंदर असो की सरकारी खाते, इथल्या लोकांचा विश्वास संपादन करणे हे आपले पहिले काम. त्यासाठी काळजी दाखवावी लागते. करावी लागते, असे कुठल्याही परिपत्रकात म्हटलेले नाही.

१. पहिल्या भेटीत आश्वासन देऊ नका. तारापूरला अणुवीज १९६९ पासून तयार होते; आश्वासनांचा साठाही तेव्हापासूनचा आहे. नुसती मान हलवा, तीही सावकाश.

२. ब्लँकेटे, वह्या, छत्र्या आधीच मागवून ठेवा. ब्लँकेट मे महिन्यातही चालते. घाम फोटोत दिसत नाही. वस्तू देताना कॅमेऱ्याकडे बघावे. घेणारा कुठे पळून जात नाही.

३. सातपाटीला तांडेल भेटला की "काय काका, पापलेट कसं आहे यंदा?" असे विचारा आणि उत्तर येण्याआधी गाडीत बसा. नवापूरला मात्र विचारपूस टाळा. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी तिथल्याच समुद्रात सोडतात. तिथे प्रश्न लोकच विचारतात.

४. विस्थापितांशी बोलताना "मी तुमच्या जागी असतो तर" अशी सुरुवात करा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या जागी जाऊन राहिलेले साहेब आमच्या ऐकिवात नाहीत, पण वाक्य उत्तम आहे.

५. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाले; खर्च सुमारे ७६ हजार कोटी. किनाऱ्यावर "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" ऐकू आले, तर लोकांना माहिती कमी पडली असे समजून पत्रके वाटा. कमी माहिती आपल्यालाच असेल, ही शंका कार्यालयीन वेळेत घेऊ नये.

६. (हा उपाय सहसा सुचवला जात नाही.) फोटोग्राफर न घेता एकटे जा. मागच्या खेपेला कोणी काय विचारले होते, त्याचे उत्तर सोबत न्या. ते "नाही" असले तरी. घरचे पाणी पुढे आले तर तेच प्या, विकतची बाटली गाडीतच राहू द्या. याला खर्च नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याचा रकानाही नाही. धोका एकच : लोक खरोखर विश्वास ठेवतील आणि पुढे तुम्ही बोलाल तो शब्द धरून बसतील. हे झेपणार नसेल, तर बदलीचा अर्ज आधीच टाकून ठेवावा.