पाणी कुठे मुरतंय?

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1896 साली इथेच जन्मले. देशाच्या हिशेबात कुठे पाणी मुरतंय, हे त्यांना कळत असावं. टीव्हीच्या बोर्डात कुठे मुरतंय, हे मात्र भल्याभल्यांना कळत नाही.

इकडचा पाऊस दारं लावली तरी घरात येतो. त्यात बोर्डाची ऊब पालींना आणि मुंग्यांनाही आवडते. जुलै 2021 च्या पुरात तर महाडातल्या घरादुकानांतली यंत्रं चिखलात बुडाली.

असा शॉर्ट झालेला बोर्ड पुढ्यात आला की कारागीर मीटर बझरवर ठेवतो. एका कॅपॅसिटरला टोकं लावली, ट्यँ. शेजारच्याला लावली, ट्यँ. पलीकडच्यालाही ट्यँच! एकाच लाइनवर डझनावारी कॅपॅसिटर समांतर जोडलेले असतात. शॉर्ट झालेला असतो एक, पण मीटर सगळ्यांच्या नावाने ओरडतो. वाडीत कोंबडी चोरीला गेली की अख्खी आळी संशयित ठरते, तसंच हे. मीटर खोटं बोलत नाही, त्याला चोर तेवढा ओळखता येत नाही. चोर नेमका शोधायचा तर बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांचा रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजायला हवा. इतकं बारीक साध्या मीटरला ऐकू येत नाही.

अशा वेळी गिऱ्हाईक सुचवतं, “जरा थापटून बघा ना!” थापटीने सैल सांधा एखादे वेळी जुळतो, शॉर्ट थापटीला भीत नाही.

तो पकडायची रीत शांतपणाची आहे. बोर्डाची वीज तोडायची. शॉर्ट झालेल्या लाइनला डीसी सप्लायवरून एखादा व्होल्ट द्यायचा, करंटला मर्यादा घालायची आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं. करंट जिथे मुरतो तिथे ऊब येते, नि तिथलं अल्कोहोल सगळ्यांआधी उडून जातं. कुणी राळेचा धूर धरून पांढरा थर देतात. दोषी भागावरचा आधी वितळतो. थर्मल कॅमेराही हेच दाखवतो, फक्त महागात. घाईने व्होल्टेज वाढवणाऱ्याला मात्र शॉर्टसोबत चिपलाही निरोप द्यावा लागतो.

तेव्हा पावसाळ्यात एवढं कराच. भिजलेलं यंत्र “चालतंय का बघू” म्हणून लावू नका. ओल्या बोर्डात वीज खेळली की तांबं विरघळून एका रेषेकडून दुसरीकडे सरकतं आणि नसलेला शॉर्ट तयार होतो. प्लग काढा, बॅटरी काढा, पूर्ण वाळू द्या, मग कारागिराकडे न्या. पुष्कळ बोर्ड पाण्याने जात नाहीत, आपल्या “बघू”ने जातात.