गोत्र पाहणारा फ्लॉक्स

सिल्वासाचा पाऊस एकदाचा आवरला, की ऑक्टोबरात फ्लॉक्स पेरायचा. बी मातीखाली झाकायला हवं. त्याला रुजायला अंधार लागतो. इथली थंडी म्हणजे पहाटे शाल आणि दहा वाजता पंखा. पुणेकर हसतील, पण फ्लॉक्सला तेवढी पुरते. जानेवारीत कुंडी फुलांनी झाकून टाकतो आणि उन्हं तापली, की वाळून जातो.

हा मूळचा टेक्ससचा. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८३५ साली तिथून बी ब्रिटनला धाडलं आणि त्याच वर्षी क्यूबात त्याचा अंत झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी झाडाला त्याचंच नाव दिलं: फ्लॉक्स ड्रमंडी.

दिसायला एवढं नखरेल फूल, पण सोयरिकीत भलतंच कर्मठ. रानातला फ्लॉक्स सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाही. सगोत्र नको म्हणजे नको! पाच पाकळ्या खाली जुळून अरुंद नळी झालेली, मध पार तळाशी. म्हणजे मध्यस्थही लांब सोंडेचाच हवा, फुलपाखरासारखा. बरं, परजातीचं स्थळही चालत नाही. टेक्ससात शेजारी दुसऱ्या जातीचा फिकट निळसर फ्लॉक्स वाढतो, तिथे ड्रमंडी गडद लाल होऊन बसला आहे. एरवी तोही फिकट निळाच. फुलपाखरं बहुधा रंग धरून हिंडतात, त्यामुळे पराग इकडचे तिकडे कमी होतात. तसा संकर झालाच, तर संतती बहुतेक वांझ निघते. हे वाचल्यापासून लाल फ्लॉक्ससमोर मी जरा सावरूनच उभा राहतो.

फळ म्हणजे तीन कप्प्यांचं इवलंसं बोंड. पावसाळ्यातला तेरडा हिरवा, रसरशीत असतानाच बोट लागलं की फुटतो. हे मात्र वाळून तडकतं आणि बी दूर उडवतं.

पण आम्ही तिथवर जाऊ देतो कुठे? सुकलेली फुलं खुडली, की झाड आणखी फुलतं. बी धरलं नाही म्हणून ते बिचारं पुन्हा मांडव घालतं आणि आम्ही फोटो काढतो.

फेब्रुवारीत मात्र दोन-चार गुच्छ राखून ठेवतो, तडकण्याआधी कागदाची पिशवी बांधतो. शेजारच्या काकू दरवर्षी बी मागतात.

“गुलाबीच येईल ना?”

काय सांगणार? बोलणी फुलपाखरांनी केली. त्या बैठकीला मी नव्हतो.