लावू काय जवायाले फोन?

साळेसाहेबांना तुम्ही ओळखता. गल्ली वेगळी असेल, अमरावतीची राजापेठ नसेल तर अकोल्याची जठारपेठ असेल, पण माणूस तोच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एकही लिहीत नाही, हातात मोबाइल आणि ओठांवर एकच वाक्य, "लावू काय जवायाले फोन?"

बहीण मोठ्या अधिकाऱ्याला दिली की भावाला वेगळं काही करावं लागत नाही. शिक्षण अर्धवट सुटलं तरी चालतं, शेती बटईनं दिली तरी चालते. माणूस एकदा 'साहेबांचा साळा' झाला की त्याला नावानं हाक मारणारे दोघंच उरतात, आई आणि बँक. आमच्या साळेसाहेबांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नाही. लग्नपत्रिकेवरसुद्धा 'साळेसाहेब व परिवार' असं लिहून येतं आणि त्यांना ते आवडतं.

त्यांचे जवाई मुंबईला मंत्रालयात असतात. काय असतात हे कुणी विचारत नाही, कारण साळेसाहेब हुद्दा सांगत नाहीत, मजला सांगतात. अमरावतीत असतो तेव्हा जवाई दुसऱ्या माळ्यावर बसतात. बडनेऱ्याला गाडी धरली की तिसऱ्यावर. मूर्तिजापूर येईतो चौथा ओलांडलेला असतो, आणि अकोल्याच्या फलाटावर पाय ठेवता ठेवता साळेसाहेब शेजारच्या उतारूला सांगत असतात, "सहाव्या माळ्यावर. मुख्यमंत्र्याच्या दालनाले लागूनच." त्यांना घेऊन शेगावला जायचं मी टाळतो. मंत्रालयावर मजला चढवावा लागेल.

अशाच एका खेपेला टीसी आला. तिकीट जनरलचं, बसणं स्लीपरमध्ये. साळेसाहेबांनी तिकिटाऐवजी मोबाइल काढला. "लावू काय जवायाले फोन?"

टीसी निवांत माणूस होता. तो समोरच्या बर्थवर टेकला आणि म्हणाला, "लावा."

असं उत्तर साळेसाहेबांच्या हिशेबात नसतं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं घाबरायचं असतं. त्यांनी मोबाइल खिडकीबाहेर धरला, उलटा केला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा धरला. "रेंज नाई. मूर्तिजापूर गेलं का लावतो." टीसीनं मूर्तिजापूर जाऊ दिलं आणि मग पावती फाडली. पैसे मी दिले. अकोल्याच्या जिन्यावर साळेसाहेब मला म्हणाले, "सोडून देल्लं त्याले. लेकराबाळाचा माणूस हाये."

गिल्या वड्याच्या गाडीवर प्लेटीत दही कमी पडलं, तरी जवाई. चपलेचा अंगठा तुटला आणि चांभारानं उद्या या म्हटलं, तरी जवाई. एकदा उन्हाळ्यात कूलरच्या टाकीला पाणी चढेना, तेव्हा त्यांनी मोटारीलाच विचारलं, लावू काय म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मोटार चालू झाली हेही पाहिलेलं आहे.

पण कहर झाला अकोल्याच्या एका लग्नात. मांडवात पुढच्या रांगेत सोफा होता, प्लॅस्टिक न काढलेला. साळेसाहेबांनी त्यावर टॉवेल टाकला आणि बाजूला उभे राहिले. जवाई येणार होते. अक्षता वाटून झाल्या, भटजींनी घसा खाकरला, टॉवेल तसाच. तेवढ्यात नवरीची आजी आली आणि टॉवेलावरच बसली. मे महिना होता, म्हातारी घामाघूम झाली होती.

"आजी, तिथं बसाचं नाई. जवाई येऊन राह्यले."

"येऊ दे."

"लावू काय जवायाले फोन?"

"लाव ना बावा," आजी टॉवेलानंच तोंड पुसत म्हणाली. "मलेबी बोलाचं हाये. माहे गुडघे लय दुखतेत मनाव."

मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, आचाऱ्यानं कढया घासायला घेतल्या. जवाई आले नाहीत. वऱ्हाडात जवाई म्हणजे अर्धा देव. अधिकमासात त्याला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, 33 अनारशांचं वाण द्यायचं, वर तो रुसला तर समजूत काढायची. देव लग्नाला येत नाही याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्याच्या टॉवेलाजवळ चार तास उभं राहणाऱ्याचं.

या घराण्याचा मूळपुरुष शोधायला लांब जावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यानं देशाला दोन नामांकित साळे दिले आहेत. पहिला रुक्मी. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्ण आमचा जवाई म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मिरवतो आणि रुक्मीचं नाव काढत नाही. बहिणीला पळवल्यावर हा रथ घेऊन जवायाच्या मागे धावला, हरला, आणि श्रीकृष्णानं त्याचे केस आणि मिशी वेडीवाकडी भादरून सोडून दिलं. तोंड दाखवायची लाज वाटून तो कौंडण्यपुरात परत आलाच नाही, भोजकट नावाचं वेगळं नगर वसवून राहिला. पण रुक्मी जवायाच्या विरोधातला. साळेसाहेबांचा पूर्वज दुसरा.

कीचक. विराट राजाचा साळा, सुदेष्णा राणीचा भाऊ, मत्स्यदेशाचा सेनापती, आणि मागे 105 भाऊबंदांचं लटांबर. विराटनगर आमचंच असा जयपूरकडच्या लोकांचाही दावा आहे. नगर त्यांनी खुशाल घ्यावं, साळा मेळघाटातला. त्याची शेवटची रात्र व्यासांनी अशी रंगवली आहे की भयकथा लिहिणाऱ्यांनी शिकवणी लावावी. रिकामी नर्तनशाला, दिवा नाही, आत एक पलंग. नटूनथटून आलेला कीचक अंधारात चाचपडत हात लावतो आणि हाताला सैरंध्री बनून राहिलेली द्रौपदी लागायच्या ऐवजी भीम लागतो. त्याच रात्री पहारेकऱ्यांना जे सापडलं त्यात हात कुठला, पाय कुठला आणि डोकं कुठलं ते कळेना.

विलायतेतही दुय्यम खलपुरुषाची अवस्था फारशी बरी नाही. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या 'ड्रॅक्युला'त रेनफील्ड नावाचा एक इसम आहे. वेड्यांच्या इस्पितळात बसून माश्या खातो, मग कोळी खातो, मग चिमण्या, आणि 'मालक येणार' म्हणून वाट बघतो. मालक खरोखर येतो आणि त्याचीच मान मोडतो. 1931 च्या बोलपटात तर नायकानं करायचा किल्ल्याचा प्रवाससुद्धा याच्याच गळ्यात मारला. याचं स्वतःचं नाव सिनेमाच्या पाटीवर लागायला 2023 उजाडलं. कीचक त्या मानानं भाग्यवान. त्याच्या नावावर थंड हवेचं ठिकाण आहे.

तिथंच आम्ही एका पावसाळ्यात गेलो होतो. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता एवढं धुकं. भीमकुंडाजवळ गाइडनं पाठ म्हणायला सुरुवात केली. भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं, इथं हात धुतले, म्हणून हा कीचकदरा, त्याचंच पुढं चिखलदरा झालं. आमच्यातल्या एकाला राहवलं नाही. "साळेसाहेब, पाया पडा. तुमच्या खानदानीतला हाये."

सगळे हसले. साळेसाहेब हसले नाहीत. त्यांनी गाइडला विचारलं, "अन् जवाई कुठी होता?"

"कोन जवाई?"

"विराट राजा. याचा जवाई. हे सारं होऊन राह्यलं होतं तवा थो का करत होता?"

गाइडच्या पाठात हा प्रश्न नव्हता. त्यानं धुक्यात कुठंतरी हात दाखवला. "तिकडं वैराट हाये नं. त्याच्या नावाचा पॉइंट. सगळ्यात उंच. तिथून सूर्य मस्त दिसते."

"म्हंजे पॉइंट जवायाले अन् दरी साळ्याले," साळेसाहेब म्हणाले आणि मक्याचं कणीस घ्यायला गेले.

मी घरी येऊन विराटपर्व काढलं. सैरंध्रीला दारू आणायच्या निमित्तानं भावाच्या वाड्यावर धाडणारी सुदेष्णाच. तिथून सुटून ती दरबारात धावली, तर कीचकानं भर दरबारात तिला लाथ मारली. विराट सिंहासनावर बसलेला. तो म्हणाला, तुमचं भांडण माझ्या पाठीमागं झालं, खरं काय ते जाणल्याशिवाय मी न्याय कसा करू? हे वाक्य पुढं कितीतरी कार्यालयांतून ऐकू येतं. कीचक मरायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण त्याचा माज ज्या खुर्चीच्या जोरावर होता ती खुर्ची जागची हललीसुद्धा नाही.

पुढं तर कीचकाला मारायचा सपाटाच लागला. 1907 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान दिसला, आणि सरकारलाही ते दिसल्यावर 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. 1920 मध्ये बाबूराव पेंटरांनी मूक 'सैरंध्री' काढली. 1933 मध्ये व्ही. शांतारामांनी 'सैरंध्री' पुन्हा काढली, ती रंगीत, जर्मनीत प्रक्रिया करून आणलेली. कीचक नाटकात मेला, मूकपटात मेला, रंगीत मेला. विराटाच्या केसाला धक्का लावावा असं आजवर कुणाला सुचलेलं नाही.

साळेसाहेबांचं मी एवढं वकीलपत्र घेतलेलं बघून आमच्या घरात हसतात. पण माझे वडील एका रात्री मोरीत पडले, तेव्हा दार वाजवल्यावर जो माणूस बनियनवर बाहेर आला तो हाच. त्यानं ऑटो आणला, वडिलांना उचलून ठेवलं. दवाखान्यात स्ट्रेचर मिळेना. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "साळेसाहेब, लावा ना जवायाले फोन."

"कशाले?" ते म्हणाले. "उचलत नाई थे."

एवढं बोलून ते आतल्या बोळात गेले आणि कुठून तरी एक करकरणारी ट्रॉली ढकलत घेऊन आले. तिचं एक चाक फिरत नव्हतं. ते चाक पायानं सरळ करत करत त्यांनी ती एक्स-रेपर्यंत नेली. सकाळी मला कळलं की जवायाच्या आईला अकोल्यात दर महिन्याला डॉक्टरकडे नेणारेही हेच, आणि संत्र्याचा मोसम आला की बडनेऱ्याहून मुंबईच्या गाडीत पेटी चढवणारेही हेच. पेटी पोचली असा उलट फोन येत नाही. ती पोचते, कारण परत येत नाही.

मागच्या वर्षी जवाई निवृत्त झाले आणि पुण्यात फ्लॅट घेऊन राहिले. त्या दिवसापासून साळेसाहेबांचं वाक्य बंद पडलं. गल्लीला आधी बरं वाटलं.

कीचक मेल्यानंतरचं पान महाभारतात फारसं कुणी वाचत नाही. त्रिगर्ताचा राजा सुशर्मा कौरवांना म्हणाला, या कीचकानं आम्हाला वारंवार झोडपलं होतं, आता तो मेला, चला. आणि विराटाच्या गाई हाकून नेल्या. विराट लढायला गेला तर त्यालाच बांधून नेलं, शेवटी भीमानंच सोडवलं. अख्खं राज्य साळ्याच्या जिवावर चाललं होतं हे तेव्हा कळलं.

आमच्या गल्लीत गाई नाहीत, डीपी आहे. ती जळली. घंटागाडी एक दिवसाआड येऊ लागली, मग चार दिवसांआड. तेव्हा कळलं की वायरमन आजवर कोणत्याही मजल्याला घाबरून येत नव्हता. साळेसाहेब पहाटे त्याच्या दारात जाऊन बसत, त्याला चहा पाजत आणि स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवून आणत. मी त्यांना जाऊन म्हटलं, आताही जा की. ते खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "आता कोनाच्या नावानं जाऊ?"

डीपी अजून जळलेलीच आहे आणि वऱ्हाडातला मे तुम्हाला ठाऊक आहे. वाचकांपैकी कुणाची बहीण मंत्रालयात दिलेली असेल, तर कृपा करून कळवावं. मजला कोणताही चालेल.