मांगचा डावा

लग्न रिसोडला होतं, मुहूर्त अकराचा, आणि नवरीचा मामा भाऊंच्या जीपमध्ये बसला होता. एवढं वाचूनच ज्यांच्या कपाळाला आठी पडली त्यांच्या गावातही एक भाऊ आहेत, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

वाशीम सुटून थोडा वेळ होतो न होतो तोच भाऊंनी मान तिरकी केली आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मांगच्या डाव्या हबातून आवाज येऊन राह्यला." त्या जीपमध्ये हुडाचा आवाज होता, पत्र्याचा होता, सीटच्या स्प्रिंगांचा होता, मामींचा तर होताच. त्यातून भाऊंना नेमका हब कसा ऐकू येतो, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. "रिसोडले गेल्यावर पाहा नं, भाऊ," मामा म्हणाले. भाऊ तोवर खाली उतरून हबावर तळहात टेकवून बसले होते. हात ठेववत नसला तर बेअरिंग कोरडा पडलेला असतो, आणि ठेववत असला तर, भाऊंच्या मते, कोरडा पडायच्या बेतात असतो. "खोलून पाहा लागते!"

मामा मांडवात पोचले तेव्हा नवरीला बोहल्यावर दुसऱ्याच कोणी आणलं होतं. शेवटच्या मंगलाष्टकाला त्यांनी टाकलेल्या अक्षता काळ्या होत्या, कारण पाना त्यांनीच धरला होता. हबात निघालं काय? काही नाही. "पन मनाले समाधान झालं," भाऊ पंगतीत म्हणाले आणि जिलबी वाढणाऱ्याला हात दाखवून ताटातच ठेवायला सांगितली.

भाऊंची जीप जुनी सीजे. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिजच्या जीपा जोडायला घेतल्या, ही हकिगत ते अशी सांगतात की पहिली जीप जोडताना डावं मागचं चाक यांनीच बसवलं असावं. (भाऊ तेव्हा जन्मलेलेही नव्हते.) वाशीम अकोल्यापासून फुटून वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला; भाऊंचे बेअरिंग मात्र आजही अकोल्याहूनच येतात. एवढ्यासाठी जिल्ह्याचं विभाजन त्यांना मान्य नाही.

रविवारी सकाळी अंगणात जॅक लागला की आळीतले लोक समजून जातात. चाक निघतं, जीपखाली घोडी सरकते, पुढच्या चाकांना दगड लागतात. मग भाऊ स्प्लिट पिनचे पाय सरळ करतात आणि अॅक्सलचा मोठा नट सैल करतात, पण पूर्ण काढत नाहीत. शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीसकट असा घट्ट बसलेला असतो की हातानं ओढून हलायचं नाव नाही. पुलर लावायचा, मधला बोल्ट ताणायचा, थांबायचं, त्याच्या डोक्यावर घण घालायचा, पुन्हा ताणायचा. आणि मग केव्हातरी, कोणी चहाचा कप तोंडाला लावलेला असताना, ठाप्पकन आवाज होऊन हब सुटतो. शेजारच्यांच्या शेळीनं या आवाजाला दोनदा दावं तोडलं आहे. तो नट थोड्या आट्यांवर ठेवलेला असतो म्हणून बरं, नाहीतर हब ड्रमसकट शेळीमागोमाग गेला असता.

पुलर कोणी उसना नेला असला तर भाऊ नट थोडा सैल करून जीप शाळेच्या मैदानात नेतात आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवत बसतात. वळणाच्या ताणानं हब आपोआप सुटतो म्हणे. सुटतोही. तोवर पोरांची क्रिकेटची मॅच मात्र बुडालेली असते.

पुढचं सगळं परातीत. बेअरिंग शाफ्टसकट बाहेर येतो, रॉकेलनं धुतला जातो, आणि वहिनी दारातून विचारतात, "आता मी पीठ कायच्यात मळू?" भाऊंना ऐकू जात नाही. हबाचा आवाज तेवढा जातो. बोटावर जुनं ग्रीस घेऊन ते वास घेतात, मग अंगठ्यानं नवं ग्रीस रोलरच्या फटीत दाबत राहतात, दुसऱ्या बाजूनं ते डोकावेपर्यंत. ऑईल सीलची कड नखानं तपासतात. शिम घालतात, काढतात, शाफ्ट आत-बाहेर हलवून पाहतात. "चार-पाच थाऊ प्ले पाह्यजे. हबाले श्वास घ्याले जागा लागते." असं ते बायकोबद्दल कधी बोलल्याचं ऐकिवात नाही.

"खोलून पाहा लागते" हे भाऊंचं सर्व रोगांवरचं औषध आहे. मिक्सर बंद पडला, खोलून पाहा लागते. ग्रामपंचायतीचा मोटरपंप, खोलून पाहा लागते. चुलतभावाला अॅसिडिटी झाली तेव्हा डॉक्टर गोळ्या देत होते आणि भाऊ मागे उभे राहून हळूच म्हणाले, "पन खोलून..." डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं.

समृद्धी महामार्गावर त्यांचा राग आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, आपल्या जिल्ह्यातून जातो, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा असा. कारला ताशी १२० ची मुभा. पण मधेच गाडी उभी करायला मनाई! "मंग आवाज आला तं मानसानं काय करावं?" ते विचारतात. जिथे हब खोलता येत नाही त्याला ते रस्ता मानत नाहीत.

हल्ली त्यांच्याकडे थारवाली पोरं येतात. रुंद टायर, टपावर दिवे, पाण्यात श्वास घ्यायला वर काढलेली नळी, आणि मागे 'ऑफ-रोड' असं लिहिलेलं. ही पोरं रविवारी मुद्दाम चिखल शोधायला निघतात. आमच्याकडे काळ्या मातीत पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेतात जायचं म्हणजे तेच असतं, फक्त त्याला कोणी छंद म्हणत नाही आणि कोणी फोटोही काढत नाही. बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर रुततो, बाळंतीण घेऊन निघालेली गाडी रुतते. भाऊंची जीप त्याच चिखलात कामाला आली आहे. पोरं नदीत गाडी घालून येतात. ब्रेकनं तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. भाऊ खोलतात तेव्हा ग्रीसचं ताक झालेलं असतं. मग ते पोरांनाच परातीशी बसवून बेअरिंग धुवायला लावतात. बऱ्याच गाड्यांत आता सीलबंद हब येतात, आवाज आला की अख्खं युनिट बदलायचं, असं एकानं त्यांना सांगितलं तेव्हा भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत काय झालं होतं, ते कोनाले समजनार?"

आता एक कबूल करावं लागतं, नाइलाजानं. सोयाबीनच्या दिवसांत शेलूबाजारच्या अलीकडे रात्री एक भरलेली ट्रॉली उभी होती, चाक लचकत होतं. दुसऱ्या दिवशी बाजार, वर ढग, पोतं भिजलं तर भाव पडणार. शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला. भाऊंनी जीप थांबवली, हबावर हात ठेवला. या खेपेस तो खरोखर ठेववत नव्हता. बॅटरीच्या उजेडात त्यांनी ट्रॉलीचा हब उतरवला, तुटलेल्या बेअरिंगचे तुकडे वेचून काढले, जीपमधल्या डब्यातून मापाचा बेअरिंग शोधला आणि ग्रीस भरून पहाटेआधी चाक चढवलं. बेअरिंगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. तो डबा ते जन्मभर का बाळगतात म्हणून आम्ही हसत आलो होतो. मागच्या सीटवर बसलेले आम्ही सगळे त्या रात्री गप्प होतो.

परवा एक रिसॉर्टवाला आला. जीप त्याला फाटकाशी ठेवायची होती, हुडावर फुलझाडं लावून. रक्कम चांगली सांगितली. मुलगा पुण्याहून फोनवर, "देऊन टाका, बाबा."

"चालवनार काय?" भाऊंनी विचारलं.

"नाही हो. शोभेला."

"उभ्या गाडीचा बेअरिंग एकाच जागी बसते, गंज धरते. म्हैन्यातून एकदा तरी खोलून पाहा लागते. तिथं कोन खोलनार?"

त्या माणसाला वाटलं, म्हातारा भाव चढवतोय. त्यानं आणखी दहा हजार वाढवले.