मोजणीबाहेरचं पाणी

नगर जिल्ह्याच्या माणसाला समुद्र ठाऊक नसतो असं नाही. समुद्र किती टीएमसीचा हे तेवढं ठाऊक नसतं. बाकीचं पाणी आम्हाला तोंडपाठ. भंडारदरा अकरा, मुळा सव्वीस. जुलै लागला की पारावर, सलूनमध्ये, एसटीत एकच विचारणा: आज आवक किती? भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याने उसाला काय दिलं हे जाणकार सांगतील, पण आकड्यांत बोलायची खोड जिल्ह्याला बहुधा तिथूनच लागली.

तसा समुद्र आमच्यापासून फार लांबही नाही. रतनगडावर उभं राहिलं की पश्चिमेला खाली कोकण पसरलेलं दिसतं. तिथून किनारा जेमतेम शंभर किलोमीटर. पण त्याच डोंगरात जन्मलेली प्रवरा समुद्राकडे पाठ करून निघते. भंडारदऱ्यात अडते, निळवंड्यात अडते, अकोले-संगमनेर करत प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते, नाथसागरात शिरते आणि तेलंगण, आंध्र पालथे घालून बंगालच्या उपसागराला जाते. अर्थात उरली तर. वाटेत आमचे पाट आहेत, ऊस आहे आणि वरच्या-खालच्या तालुक्यांची भांडणं आहेत. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आणलं, तेव्हापासून भांडायला कलमंही मिळाली.

अशा मुलखात पहाटे पोहणाऱ्यांचा ग्रुप असतो हे पाहुण्यांना पटत नाही. आमचा आहे. राहुरीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीवर साडेपाचला जमतो: निवृत्त गुरुजी, दातांचे डॉक्टर, किराणावाले शेठ, मोटारी रिवाइंडिंग करणारा एक पोरगा आणि मळ्याचे मालक तात्या. सगळे लहानपणी एकाच शाळेत पोहायला शिकलेले. पाठीला पत्र्याचा डबा, दोराचं टोक काकाच्या हातात, आणि काकाने न सांगता मागून ढकलायचं. त्यामुळे आम्हाला कुणी स्टाइल विचारू नये. गुरुजींनी मुटका मारला की पाणी चार पायऱ्या वर उडतं. ते परत विहिरीतच ओघळतंय ना, एवढं तात्या नजरेने बघून घेतात.

आमचं वेळापत्रक लाईट ठरवते. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाईट असली, तर मोटार रात्रभर चाललेली असते आणि सकाळी पाण्याने दोन पायऱ्या सोडलेल्या असतात. पाटाला आवर्तन सुटलं की पाझर वाढतो, पाणी चढतं. तात्यांनी भिंतीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात. पहाटे येणारा प्रत्येक जण आधी रेघ बघतो, मग रामराम घालतो. आत उतरल्यावर सरळ पोहायची सोय नाही. फूटव्हॉल्व्हच्या पाइपाला वळसा घालत गोल फिरायचं. आणि का कोण जाणे, सगळे डाव्या अंगानेच फिरतो. कुणी घाण्याचा बैल म्हटलं तरी रागवायला जागा नाही.

(२०२४ साली जिल्ह्याचं नाव बदललं नाही का, अशी शंका शेठ दर खेपेला काढतात. बदललं, आता अहिल्यानगर. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. म्हणजे कोरड्याच मुलखातला. पुढे त्यांनी देशभर घाट, कुंडं, विहिरी बांधल्या. जिथे पाण्याचे वांधे, तिथल्याच माणसाला दुसऱ्याच्या आंघोळीची काळजी, हे मला तरी फार नगरी वाटतं.)

तर हा ग्रुप एका जानेवारीत मालवणला गेला. चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते, राज्यभरातली पोरं येतात. ती गर्दी ओसरल्यावर आम्ही पोचलो. पहाटे किनाऱ्यावर तिथली नेहमीची पोहणारी मंडळी होती. पंचा खांद्यावर टाकलेल्या एका काकांनी विचारलं, “खंयसून इलास?” नगरहून म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं. मग उजवीकडे बोट करून म्हणाले, “थंयसर जाव नकात, खडपां आसत. भरती अजून चडता हा.”

“किती वाजेपर्यंत चढेल?” तात्यांनी लगेच विचारलं.

काकांनी घड्याळ नाही बघितलं, तिथी विचारली. एकादशी. ती आमच्यात कुणाला सांगावी लागत नाही. सगळे उपाशीच होते. तिथीची पाऊणपट करायची, काका म्हणाले, की पुऱ्या भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. पुनवेला सव्वाअकरा. तात्यांचा चेहरा उजळला. समुद्रालाही हिशेब आहे म्हणजे माणसांत बसण्यासारखा आहे. मग त्यांनी खडकावर चिकटलेली कालवं बघितली. एका उंचीपर्यंत दाट, त्याच्या वर खडक मोकळा. “इथं बी रेघ आहे,” ते म्हणाले आणि निर्धास्त होऊन पाण्यात शिरले.

पाण्यात मात्र सगळ्यांची फजिती. काठच नाही! विहिरीत चार हात मारले की भिंत येते, भिंतीला पाय लावून ढकलून घ्यायचं, दम खायचा. इथे भिंतीच्या आशेने पोहत राहिलो, तर भिंत ओमानला. डॉक्टर समोरच्या होडीच्या दिशेने निघाले आणि डावीकडे वळत वळत पुन्हा आमच्याचपाशी आले. गुरुजींनी मुटका मारला. समुद्राने दखल घेतली नाही. शेठनी पहिली गुळणी थुंकून हिशेब मांडला: लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. “एवढा माल उघड्यावर पडलाय,” असं ते हळहळून दोनदा म्हणाले.

त्याच मिठाने तात्यांची सोय केली. विहिरीत हात थांबले की त्यांचे पाय खाली जातात. इथलं पाणी जड, माणूस हलका. ते उताणे पडले आणि पडूनच राहिले. पायाचे अंगठे पाण्याबाहेर, पोट पाण्याबाहेर, गळ्यातली तुळशीची माळ कानाशी तरंगतेय. हयातभर ज्यांनी पाण्याकडे पाठ केली की पाटकरी दार बंद करतो हे पाहिलं, ते असे पाण्यावर पाठ टाकून पडलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी आभाळाकडे बघतच विचारलं, “गुरुजी, हे पाणी सोडतंय कोण?”

“चंद्र.”

“अर्ज?”

“लागत नाही.”

“सात नंबरचा फॉर्म पण नाही?”

“नाही.”

तात्या विचारात पडले. एवढं पाणी, दिवसातून दोन आवर्तनं, ना थकबाकी, ना टेलचा शेतकरी ओरडतोय. त्यांना सुख वाटत होतं, पण पटत नव्हतं. बाहेर येताना त्यांनी ओंजळ भरली आणि जाऊ दिली, पुन्हा भरली आणि पुन्हा जाऊ दिली. असली उधळपट्टी त्यांनी घरच्या लग्नातही केली नव्हती.

किनाऱ्यावर काकांनी सगळ्यांना चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. तेव्हा उलट आमंत्रण देणं भागच होतं. तात्यांनी मोठ्या अगत्याने सांगितलं, एकदा मंडळी घेऊन आमच्या विहिरीवर या.

“बाव खोल किती?” काकांनी विचारलं.

“आत्ता पाच परस पाणी आहे. मार्चात आलात तर तीन असंल,” तात्या म्हणाले. “मे महिन्यात आलात तरी हरकत नाही. गाळ काढायला माणसं लागतातच.”